विश्लेषण : उन्हाळ्यात कूलर-एसीचे पहिले बटण धोक्याचे का? हंगामी देखभाल कुणाची जबाबदारी?

मार्च सरता सरता मराठवाड्यात पारा चाळिशीकडे सरकतो आणि माळ्यावर, पडवीत किंवा खिडकीतच पडून राहिलेले कूलर पुन्हा सुरू होतात. रुग्णालये, बँका, मंगल कार्यालये यांतील वातानुकूलन यंत्रणेवर ताण येतो तोही याच आठवड्यांत. कूलर बंद पडला तर ती गैरसोय वाटते. मात्र ओल्या पत्र्यातून बसणारा विजेचा धक्का, टाकीत वाढणारा डेंग्यूचा डास आणि अतिदक्षता विभागातील एसीपासून लागणारी आग यांचे मूळ अनेकदा त्याच दुर्लक्षात असते. २०२१ या एका वर्षात महाराष्ट्राने रुग्णालयांतील आगींत डझनावारी रुग्ण गमावले. बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या गावापासून मोठ्या रुग्णालयांपर्यंत ही देखभाल कधी, कशी आणि कुणी करायची, याचा हा आढावा.

तेलगावचे उदाहरण का?

तेलगाव हे बीड-परळी आणि माजलगाव-धारूर या रस्त्यांवरचे चौफुलीचे गाव. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना येथेच आहे. साखर कारखान्याचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते, उन्हाळ्याच्या तोंडावर ते संपते. त्यानंतरच्या ‘ऑफ सीझन’मध्ये कारखाना बंद असला तरी कामगारांना उसंत नसते. मिलचे रोलर, बॉयलरच्या नळ्या, पंप, टर्बाइन, गरम पाणी थंड करणारी यंत्रणा हे सारे खोलून, घासून, बदलून पुन्हा बसवले जाते. हंगामात एक दिवस गाळप थांबले तर किती ऊस वाळतो आणि किती नुकसान होते, याचा हिशेब प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यामुळे दुरुस्ती हंगामाआधी उरकायची, ही शिस्त येथे रुजलेली आहे.

घरातल्या आणि सार्वजनिक इमारतींतल्या थंडाव्याच्या यंत्रांना ही शिस्त लागू होत नाही. उकाडा असह्य झाल्यावर कूलर बाहेर निघतो आणि तो बिघडलेला आहे हे तेव्हाच कळते. बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. येथून लाखोंच्या संख्येने मजूर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीला कुलूप लागलेले घर उघडते ते थेट मार्च-एप्रिलमध्ये. मधल्या पाच-सहा महिन्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर, गंजलेला पत्रा, टाकीत वाळलेला गाळ असे सगळे जागच्या जागी असते. बाहेर चाळीस अंश तापमान आणि घरात थकलेली माणसे, अशा वेळी कूलर आधी तपासण्याचे भान राहत नाही. थेट बटण दाबले जाते.

कूलर या भागात इतका उपयोगी का?

कूलर हवेला थंड करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनातून. हवा जितकी कोरडी, तितके पाणी जास्त उडते आणि तितकी हवा जास्त थंड होते. ही मर्यादा ‘ओल्या फडक्याच्या तापमाना’वरून कळते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा सोडला की तो जो आकडा दाखवतो, त्याखाली साधा कूलर हवा नेऊ शकत नाही.

उदाहरणादाखल, एप्रिलमधल्या दुपारी तापमान ४१ अंश आणि हवेतील आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २३ अंश येते. म्हणजे तब्बल १८ अंशांचा वाव मिळतो. चांगल्या स्थितीतील कूलर या वावाचा साधारण तीन चतुर्थांश भाग वापरतो आणि सुमारे २८ अंशांची हवा खोलीत सोडतो. हेच गणित पावसाळ्यात कोलमडते. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना वाव चार अंशांपेक्षाही कमी उरतो, त्यामुळे कूलर हवा तीन अंशही थंड करू शकत नाही आणि खोली मात्र दमट करतो. मुंबई-कोकणात कूलर चालत नाही आणि मराठवाडा-विदर्भात चालतो, यामागचे कारण हेच.

आता यात देखभालीचा भाग पाहू. कूलरच्या बाजूंचे गवत किंवा कागदी ‘हनीकोंब’ पॅड क्षारांनी आणि धुळीने भरले, पाणी सर्व बाजूंनी सारखे झिरपेनासे झाले, की तोच कूलर तीन चतुर्थांशऐवजी निम्म्याच क्षमतेने काम करतो. मग ४१ अंशांची हवा २८ऐवजी ३२ अंशांवर येऊन थांबते. पंखा तितकाच फिरतो, विजेचे बिल तितकेच येते, फरक पडतो तो झोपेत. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री किंवा अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती असेल, तर हे चार अंश किरकोळ राहत नाहीत. उष्माघाताचा धोका ज्यांना सर्वाधिक असतो, तीच माणसे दुपारभर घरात असतात.

पाण्याचा हिशेब काय?

कूलर वीज कमी खातो, पण पाणी पितो. तासाला अडीच हजार घनमीटर हवा फेकणारा मध्यम आकाराचा कूलर हवा १३ अंशांनी थंड करत असेल, तर त्याला तासाला सुमारे १५ लिटर पाणी लागते. आठ तासांत १२० लिटर. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मानक ठरवले आहे. म्हणजे एक कूलर दिवसाला दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी संपवतो. टँकरची वाट पाहणाऱ्या बीड जिल्ह्यात हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दुसरा प्रश्न क्षारांचा. पाणी वाफ होऊन उडते, त्यातले क्षार मागे राहतात. लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असलेले बोअरचे पाणी वापरले, तर दिवसाला १२० लिटरमागे ७२ ग्रॅम आणि ९० दिवसांच्या उन्हाळ्यात सुमारे साडेसहा किलो क्षार कूलरमध्ये साचू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेतले जाते. त्यामुळे ६०० हा आकडा काही टोकाचा नाही. हेच क्षार पॅडवर पांढरा थर धरतात, पंपाची जाळी बुजवतात आणि पत्र्याला गंज चढवतात. टाकीत नुसते वरून पाणी ओतत राहिले की उरलेले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. काढलेले पाणी झाडांना घालू नये, ते अंगण किंवा फरशी धुण्यासाठी वापरता येते.

विजेचा धक्का पहिल्याच दिवशी का बसतो?

कूलरमध्ये पाणी, पत्रा आणि वीज एकमेकांना चिकटून असतात. सुस्थितीत वीज तांब्याच्या तारेत राहते आणि तारेवरचे आवरण तिला पत्र्यापासून दूर ठेवते. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या कूलरमध्ये हे आवरण तडकते, उंदीर ते कुरतडतात, पंपाच्या आत ओल शिरते. कूलर सुरू होताच पंखा फिरतो, पाणी पडते, सगळे ठीक वाटते. आणि त्याच वेळी पूर्ण पत्रा विजेने भारलेला असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणारी गृहिणी किंवा कूलरसमोर खेळणारे मूल त्याला हात लावते आणि वीज त्यांच्या शरीरातून जमिनीत जाते.

असे होऊ नये म्हणून अर्थिंग असते. पत्र्यात वीज उतरली तर ती माणसाऐवजी अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी, हा त्याचा हेतू. पण येथे ऋतूच उलटा फिरतो. अर्थिंगचा पाइप किंवा पट्टी ज्या मातीत पुरलेली असते, ती ओली असेल तरच वीज सहज वाहून नेते. काळी माती उन्हाळ्यात आटते, भेगाळते, पाइपपासून सुटते. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर सर्वाधिक चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वाधिक कमकुवत असते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत त्यामुळेच आजही योग्य ठरते.

अनेक घरांत परिस्थिती याहून वाईट असते. थ्री-पिन सॉकेटचे तिसरे, मोठे छिद्र आतून कशालाच जोडलेले नसते. किंवा कूलरची वायर टू-पिनची असते. गावात पत्रा वाकवून तयार केलेले कूलर स्वस्त पडतात, पण अर्थिंगचा स्क्रू आहे का, वायर पत्र्याच्या धारदार भोकातून रबरी बुशशिवाय घातली आहे का, हे ग्राहक पाहत नाही. बाष्पीभवनी कूलरसाठी आयएस ३३१५ हे भारतीय मानक आहे. मात्र चौकात जुळवलेल्या कूलरच्या खरेदीत त्याची विचारणा क्वचितच होते.

यावर दुसरी ढाल म्हणजे ‘आरसीसीबी’ हे उपकरण. ३० मिलीअँपिअरइतकी वीज वाट चुकून जमिनीत जाऊ लागली की ते सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. घरातील साधा एमसीबी हे काम करत नाही. तो तारा जादा भाराने तापू नयेत यासाठी असतो आणि माणसाचा जीव घ्यायला पुरेशी असलेली वीज त्याच्या दृष्टीने नगण्य असते. आरसीसीबी बसवलेला असेल तर त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहणे, एवढीच त्याची देखभाल. पाणी भरताना आधी प्लग काढणे मात्र कोणत्याही उपकरणामुळे टळत नाही.

डेंग्यूचा कूलरशी संबंध कसा?

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारापेक्षा घरातले साठलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. अंड्यापासून डास तयार व्हायला अनुकूल हवामानात साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. टाकी दर आठवड्याला रिकामी केली की अळीचा डास होण्याआधीच साखळी तुटते. क्षारांसाठी सांगितलेला उपायच येथेही लागू पडतो.

यात एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या पातळीलगत टाकीच्या भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. पुढच्या वर्षी पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले की अळ्या बाहेर पडतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, भिंती ब्रशने घासाव्या लागतात. जूनमध्ये कूलर बंद करताना टाकी घासून, पुसून, वाळवून ठेवली नाही, तर पहिल्या पावसाचे पाणी साचून ऐन डेंग्यूच्या मोसमात डासांची पैदास तेथेच होते. खिडकीबाहेर टांगलेला आणि पावसाळ्यात विसरलेला कूलर हा चालू कूलरपेक्षा अधिक धोकादायक ठरतो.

एसीला दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

नाही. एसीतील शीतक वायू बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणे. तरीही ‘सर्व्हिसिंग आणि गॅस टॉपअप’ हा उन्हाळ्याच्या तोंडावरचा ठरलेला खर्च होऊन बसला आहे.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. नव्या घरगुती एसींमध्ये सर्रास वापरला जाणारा आर-३२ वायू सौम्य ज्वलनशील आहे, तर काही एसींतील आर-२९० म्हणजे शुद्ध स्वरूपातला प्रोपेन असून तो सहज पेट घेतो. एका प्रकारच्या एसीत दुसरा वायू भरणे, बंद खोलीत वेल्डिंग करणे, गळती तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा दाब देणे हे प्रकार जिवावर बेतू शकतात. कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आल्यास स्फोट होतो. हे ओळखूनच केंद्र सरकारने मार्च २०१९मध्ये जाहीर केलेल्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’मध्ये २०२२-२३पर्यंत एक लाख दुरुस्ती तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तालुक्याच्या गावात एसी दुरुस्त करणारा तरुण बहुतेकदा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. त्याच्याकडे कौशल्य असते, पण नव्या वायूंची माहिती असतेच असे नाही.

खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये गॅसपेक्षा साध्या गोष्टी महत्त्वाच्या असतात. घरातल्या युनिटची जाळी धुणे, बाहेरच्या युनिटवरची धूळ आणि पक्ष्यांची घरटी काढणे, पाण्याचा निचरा मोकळा करणे, वायरींचे सैल जोड आवळणे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते घाण झालेला फिल्टर बदलल्याने एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांनी वाचू शकते. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने एसीचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सांगितले आहे. स्टार मानांकन असलेल्या खोलीच्या एसींना १ जानेवारी २०२०पासून सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच ठेवता येईल असा नियम आणण्याचे सूतोवाच केले. मे २०२४च्या अखेरीस देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती, ही त्याची पार्श्वभूमी. मात्र बुजलेल्या जाळीचा एसी २४ अंशांवर ठेवला तरी कॉम्प्रेसर थांबत नाही. तापमानाच्या नियमाची सगळी बचत न धुतलेली जाळी खाऊन टाकू शकते.

रुग्णालयांतील आगींतून काय दिसले?

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. ९ एप्रिल २०२१ रोजी नागपूरजवळच्या वाडी येथील खासगी कोविड रुग्णालयात लागलेल्या आगीत चार जणांचा मृत्यू झाला. ही आग दुसऱ्या मजल्यावरील अतिदक्षता विभागाच्या एसी युनिटपासून सुरू झाल्याचे अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले. दोनच आठवड्यांनी, २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागातील किमान १३ रुग्ण दगावले. तेथेही प्राथमिक माहितीत एसीतील स्फोटाचे कारण पुढे आले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्णांचा जीव गेला.

या साऱ्या आगींचे कारण एकच होते असे नाही. भंडाऱ्यात एसी नव्हे, तर वैद्यकीय उपकरणाच्या विद्युत बिघाडाकडे बोट दाखवले गेले. पण आग जिथे लागली त्या जागांचे साम्य लक्षणीय आहे. अतिदक्षता विभागात एसी चोवीस तास चालतो, त्याला घरातल्या एसीसारखी विश्रांती मिळत नाही. दीड टनाचा एसी सुमारे सात अँपिअर वीज ओढतो. जोड किंचित सैल असला तरी तो बिंदू तापतो, त्यावर धूळ बसलेली असते आणि शेजारीच प्लास्टिक. खोलीत ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले असेल तर ठिणगीची आग व्हायला वेळ लागत नाही. त्यात थंडावा टिकावा म्हणून खिडक्या कायमच्या बंद केलेल्या असतात. धूर बाहेर पडायला वाट नसते आणि जे रुग्ण हलू शकत नाहीत ते आगीआधी धुराने गुदमरतात. भंडाऱ्यातील बहुतेक बालकांचा जीवही धुराने घेतला. म्हणजे थंड हवेची यंत्रणा आणि हवा-धूर बाहेर काढणारी यंत्रणा या दोन्हींचा विचार एकत्र व्हायला हवा होता. बहुतेक ठिकाणी फक्त पहिलीचा झाला.

खेळती हवा वेगळी का पाहायची?

भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. खासगी क्लास, बँकेची शाखा, दवाखान्याची ओपीडी अशा जागी दारे-खिडक्या बंद करून एसी लावला की थोड्या वेळात हवा कोंदट होते, डोके जड होते आणि खोकणाऱ्या एका माणसाचा संसर्ग सर्वांपर्यंत पोहोचतो. कोविडकाळाने हा धडा दिला होता, नंतर तो मागे पडला. एक्झॉस्ट फॅनची पाती आणि जाळी वर्षातून दोनदा स्वच्छ करणे, तो खरोखर हवा ओढतो का हे कागदाचा कपटा धरून पाहणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. कूलरचे तर अर्धे काम खिडकीवर अवलंबून असते. समोरची खिडकी उघडी नसेल तर दमट हवा खोलीतच साठते आणि कूलर स्वतःच स्वतःला निकामी करतो.

मोठ्या इमारतींत छतावरच्या कूलिंग टॉवरचा वेगळा धोका असतो. १९७६मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ पसरली आणि संघटनेचे २९ सदस्य दगावले. ज्या जिवाणूमुळे हे घडले त्याला पुढे ‘लीजिओनेला’ हे नाव मिळाले. कोमट, साचलेल्या आणि गाळाने भरलेल्या पाण्यात तो वाढतो आणि तुषारांबरोबर हवेत मिसळतो. कूलिंग टॉवरमधील पाण्यावर नियमित प्रक्रिया करणे त्यानंतर जगभर आवश्यक मानले जाऊ लागले.

हंगामी देखभालीची कल्पना मराठवाड्याला परकी नाही. माळवदाच्या घरांत दरवर्षी पावसाळ्याआधी छतावर मातीचा नवा थर देऊन ते चोपले जाई. जाड भिंती आणि मातीचे छत उन्हाळ्यात घर थंड ठेवत, पण त्यासाठी वर्षाला काही दिवस राबावे लागे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड छतांखाली हजारो माणसे गाडली गेली आणि त्यानंतर स्लॅब व पत्र्याच्या घरांकडे कल वाढला. ही घरे भूकंपाच्या दृष्टीने हलकी किंवा भक्कम असली तरी उन्हाळ्यात तापतात. माळवद गेले, त्याची जागा कूलरने घेतली. वर्षाला चार दिवस देखभालीला देण्याची सवय मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

कायदा काय सांगतो, जबाबदारी कुणाची?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला घेऊन सादर करायचा असतो. हा ‘नमुना ब’ दाखला अग्निशमनाच्या साधनांचा असतो, एसीच्या वायरिंगचा किंवा सर्व्हिसिंगचा नाही. भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा लेखापरीक्षणाचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी अहमदनगरची आग लागली. तपासणीत त्रुटी नोंदवणे आणि त्या दूर करण्यासाठी पैसा देणे ही दोन वेगवेगळ्या टेबलांवरची कामे राहिली, तर कागद पूर्ण होतो आणि वायर तशीच राहते.

सरकारी इमारतींत आणखी एक अडचण वेळेची आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. नव्या वर्षाचा निधी येऊन, दरपत्रके मागवून, कार्यादेश निघेपर्यंत मे उजाडतो. देखभालीची खरी वेळ असते फेब्रुवारी, जेव्हा जुन्या वर्षाचा निधी खर्चून संपवण्याची घाई असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लस ठेवण्याची खोली, प्रसूतिगृह, ग्रामपंचायत कार्यालय, शाळा यांच्यासाठी कूलर-पंखे-वायरिंग तपासणीचे काम जुन्या वर्षाच्या आराखड्यातच घातले, तर वेगळा मोठा निधी लागणार नाही. त्यासाठी प्रत्येक इमारतीत एक नोंदवही आणि एका कर्मचाऱ्याचे नाव हवे. सध्या कूलर खरेदीची नोंद सापडते, तो शेवटचा कधी उघडून पाहिला याची सापडत नाही.

घराघरांत वेळापत्रक कसे असावे?

महाशिवरात्र ते होळी हा पहिल्या तपासणीचा काळ. प्लग न लावता कूलर उघडून वायर, पंप, अर्थिंगचा जोड पाहावा, पॅड बदलावेत, टाकी घासावी. घराच्या अर्थिंगची वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. एसीची सर्व्हिसिंगही याच काळात उरकावी. मेमध्ये मेकॅनिक मिळत नाही आणि मिळाला तर घाईत असतो. एसीसाठी १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्वतंत्र जाड वायर हवी, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासणे, दोन आठवड्यांनी एसीची जाळी धुणे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे पुरेसे आहे. मृग नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की कूलर बंद करून, वाळवून, झाकून ठेवावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी घराला कुलूप लावण्याआधी टाकी कोरडी आहे याची खात्री करावी आणि परतल्यावर पहिल्या दिवशी वायरमनने पाहिल्याशिवाय कूलर लावू नये. अशा घरांची तपासणी एप्रिलच्या सुरुवातीला एकत्रित करून देणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. परतीचे दिवस ठरलेले असतात, घरेही ठाऊक असतात. कारखान्याच्या ऑफ सीझनचे वेळापत्रक जसे आधी लागते, तसे गावातील या तपासणीचे लागले, तर त्याचा खर्च एका जळालेल्या मोटारीपेक्षा फारसा जास्त होणार नाही.